गाऱ्हाणं, गेजवस्त्रं आणि रसिकाची केटी

रसिकाला फार्मसीला ॲडमिशन मिळत नव्हती, तेव्हा मी गावच्या देवीला नवस बोलले होते. नाव वेटिंग लिस्टवर लोंबकळत होतं, मुलगी धड जेवत नव्हती, हे घरात कुणाशी बोलत नव्हते. मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "माये, हिचं नाव लागू दे. गावातल्या एकूण एक देवाला माझ्या हातचं गेजवस्त्र घालीन." नाव लागलं. मग लक्षात आलं की आमच्या गावात देव किती आहेत हे मी बोलताना मोजलंच नव्हतं. वेशीवरचा, वडाखालचा, विहिरीपाशी नुसताच दगड असलेला. एकालाही वगळायचा धीर होईना.

गेजवस्त्र ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. कापूस पिंजायचा, बोटांना जरासं दूध लावून पीळ देत न्यायचा, मध्ये मध्ये मणी फुगवायचे आणि ते कुंकवाने टिपायचे. ही देवाची माळ, पूजेत वस्त्र म्हणून घालतात. मी ती करत सुटले, डब्यांवर डबे भरले. रसिकाने त्यातली एक पितळेच्या ताटात मांडून फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. संध्याकाळपर्यंत अनोळखी बायका विचारू लागल्या, विकत मिळेल का म्हणून. नवस मी केला आणि धंदा हिला लागला.

तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या घरात किस्से कापसासारखे साठलेत. एक उचलावा तर दुसरा त्याला चिकटून येतो. शेजारच्या हंसाबेन म्हणतात, सांगताना तुम्ही स्वतः हसत का नाही? कशी हसू? रसिकाला एका विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला, पुन्हा द्यावा लागला. ती परीक्षा आता झालीय, निकाल यायचाय. सुटली नाही तर शेवटच्या वर्षाला बसता येणार नाही. आणि ह्यांनी साफ सांगितलंय, "यंदाही अडकली तर दुकान बंद. कापूस सगळा गावी जाईल." माझ्या नवसाच्या कापसातच मुलीचं वर्ष अडकलं, तर देवीला काय तोंड दाखवू?

गाऱ्हाण्याचंही आधीच सांगून ठेवते, कारण ते सगळीकडे येणार. आमच्या कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मांडतात. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू तुजा, त्येच्या वाटेतला वाकडा असात ता दूर कर. जमलेली माणसं दर मागण्याला म्हणतात, "व्हय म्हाराजा." गावात गाऱ्हाणं मानकरी घालतात, बायका नाही. घरात मी घालते. प्रत्येक पार्सल कुरिअरला जाण्याआधी देव्हाऱ्यापुढे ठेवते आणि सांगते, वाटेत भिजू नको, हरवू नको, घेणाऱ्याच्या घरी सुखाने पोच.

माझी आई म्हणायची, "व्हय" म्हणणारं कुणी नसलं तर गाऱ्हाणं अर्ध्या वाटेत बसून राहतं. म्हणून हे टीव्हीपुढे बसल्या बसल्या म्हणतात. ह्यांची ड्युटी असली की समोरच्या हंसाबेन रोटल्या लाटता लाटता, उघड्या दारातून म्हणतात, "होय माराजा." एकदा मी नुसती दूधवाल्याशी बोलत होते, तरी त्यांनी म्हणून घेतलं.

*

आमच्याकडे पहिलं भांडण पंख्याचं.

कापूस हातात घ्यायचा तर पंखा बंद. नाहीतर पिंजलेला कापूस घरभर, अगदी आमटीतसुद्धा. आणि अभ्यास करायचा तर पंखा चालू, कारण मे महिन्यात मुलुंडला पंख्याशिवाय डोकं चालत नाही. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यामुळे आपोआप खूण ठरून गेली. पंखा फिरतोय म्हणजे रसिका अभ्यासाला बसलीय. पंखा बंद म्हणजे ऑर्डर चाललीय.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, खालून खिडकीतून पंखा दिसतो. मी भाजी घेऊन येताना आधी वर बघायची. फिरत असला की जिना चढता चढता देवीला हात जोडायची. परीक्षा जवळ आली तशी तो सारखाच फिरताना दिसायला लागला. मी ह्यांना म्हटलं, "लागली हो पोरगी अभ्यासाला."

एके दिवशी बाजार बंद निघाला म्हणून अर्ध्यातून परत फिरले. वर आले तर खोलीत पंखा गरगर फिरतोय, आणि बाईसाहेब स्वयंपाकघराचं दार लावून, घामाने निथळत, वस्त्रं वळतायत.

"अगं, मग तो पंखा कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. खालून बघून तुला बरं वाटतं ना."

तेव्हापासून पंखा फिरताना दिसला तरी माझ्या छातीत धस्स होतं.

*

बंगळूरच्या एका मुलीने एकदम बरीच वस्त्रं मागवली. मी म्हटलं, वा, एवढ्या लांब कुणीतरी एवढं देवाचं करतंय. त्या पार्सलला मी जरा लांबलचक गाऱ्हाणं घातलं.

पुढच्या आठवड्यात रसिका मोबाइल घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, म्हणून मीही हसत चष्मा लावला. फोटोत त्या मुलीची हळद चालू होती. आणि माझी गेजवस्त्रं तिच्या गळ्यात, कानात, दंडावर, केसांत. मागे मैत्रिणी नाचतायत.

दूध लावून, कुंकू लावून, देवाच्या नावाने वळलेलं वस्त्र, आणि त्यावर असला धिंगाणा. मी तशीच देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. हे म्हणाले, "अगं, नवरी पण लक्ष्मीच ना?" मला काही पटलं नाही. रसिका म्हणाली, "आई, तिच्या सगळ्या मैत्रिणींना हवीयत. नाही म्हणू?"

नाही कशी म्हणू देणार? तिच्या फीला तेवढाच हातभार. शेवटी मी तोड काढली. माणसांसाठी करायचं त्याला दूध नाही, कुंकू नाही, ताटसुद्धा वेगळं. आणि पार्सल पुढ्यात ठेवून स्वच्छ सांगितलं, "माये, ह्यो नुसतो कापूस आसा, वस्त्र न्हय. गैरसमज करून घेव नको." हंसाबेन समोरून म्हणाल्या, "होय माराजा."

पार्सल पोचलं आणि लगेच मेसेज आला. लाल ठिपके कुठे गेले? तेच तर सगळ्यांना आवडले होते.

रसिकाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग ती उठली आणि कपाटातून आपलं नेलपॉलिश घेऊन आली.

नेलपॉलिशचं मी देवीला अजून सांगितलेलं नाही.

*

या धंद्यात माणसाचं तोंड दिसत नाही, ही मोठी भीती. एकाने मेसेज केला, कुरिअरला वेळ नाही, मी स्वतः येऊन घेतो, पत्ता द्या. नावापुढे फोटो नाही, बोलणं तुटक. रसिकाने पत्ता देऊन टाकला आणि कॉलेजला निघून गेली.

"अगं, कोण कुठला माणूस, घरी मी एकटी!"

"आई, गौरींची वस्त्रं हवीयत त्याला. चोर गौरींची वस्त्रं मागतो का?"

मला वाटलं, चोर तर तेच मागेल. मी हंसाबेनना बोलावून घेतलं. त्या लाटणं घेऊनच आल्या, आणि आम्ही दोघी दाराकडे तोंड करून बसलो.

आला तो भलादांडगा. गळ्यात सोन्याची जाड साखळी, डोक्यावर चढवलेला गॉगल. खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. मी पहिलं विचारलं, "मिसेस नाही आल्या?"

"तिला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय काकू, सातवा महिना आहे. आई होती तोवर आई करायची. यंदा गौरी मलाच बसवायच्यात."

मी वस्त्र त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते ओंजळीत असं धरलं, जसं काही पाखराचं पिल्लूच. म्हणाला, "काकू, घालताना तुटलं तर काय होतं?"

आम्ही त्याला घाबरत होतो आणि तो कापसाला. मी म्हटलं, "काही होत नाही रे. दोन्ही टोकं जोडायची, बोटाला दूध लावायचं, पुन्हा पीळ द्यायचा." त्याने ते चारदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

निघताना आम्हा दोघींच्या पाया पडला. हंसाबेन लाटणं पदराआड लपवायला गेल्या, तोवर त्याने बघितलंच. अदबीने म्हणाला, "हे पण पूजेत लागतं का?"

*

त्याच गौरींच्या दिवसांत ऑर्डरी तोंडावर आल्या, माझी बोटं सुजून आखडली आणि रसिकाला नेमकी अडचण आली. आमच्याकडे त्या दिवसांत देवाच्या वस्तूला हात लावत नाहीत. न लावावा तर गौरी बसायच्या दिवशी कितीतरी घरी वस्त्र पोचणार नाही. लावावा तर कोप.

रसिका म्हणाली, "आई, तू ठरव. मी बसते तोवर पुस्तक घेऊन." पंखाही लावला तिने. मी तिथेच येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी दिवा लावला आणि सरळ विचारलं, "माये, तू पण बाईमाणूसच. तुका मी काय सांगाचा? लेकरू हात लावताला, तर समजान घे."

आणि थांबले. व्हय म्हणायला घरात हेच होते, आणि हे पेपर तोंडापुढे धरून बसलेले. असल्या विषयात पुरुषमाणूस तोंड उघडतो होय? पेपर हलेना. दिवा जळतोय, मी हात जोडून उभी, कोपऱ्यातून रसिका म्हणते, "बाबा, म्हणा ना. आई अर्ध्या वाटेत उभी आहे."

खूप वेळाने पेपराच्या मागून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

रसिकाने उठून पंखा बंद केला.

*

एकदा रसिकाने पॅकिंगचं रील केलं, त्यात माझं गाऱ्हाणं पुरं आलं, मागून ह्यांचं "व्हय म्हाराजा" आणि त्याच्याही मागून कुकरची शिट्टी. मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते ऑर्डरीबरोबर निरोप यायला लागले तेव्हा. काकूंना म्हणावं माझ्या भावाच्या नोकरीचं सांगा. काकूंना म्हणावं आमच्या पिंट्याचं दहावीचं बघा.

मी घाबरलेच. मी कोण? मी माझ्याच मुलीचं रोज रडतेय देवीपुढे. उद्या नाही लागली नोकरी तर लोक कुणाला बोलतील? रसिका म्हणाली, "आई, तू फक्त सांगायचंस. देणं तुझ्याकडे नाही."

तेवढ्यात घाटकोपरच्या एका बाईंची ऑर्डर आली. त्यांनी लिहिलं होतं, माझं ऑपरेशन आहे, मोठं आहे, मुलं लहान आहेत, वस्त्र माझ्या उशाशी ठेवणार आहे. मी गाऱ्हाणं घालायला उभी राहिले तेव्हा हे टीव्ही बंद करून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

पार्सल पोचल्याचं कळलं आणि पुढे काहीच नाही. मी रोज रसिका कॉलेजातून आली की पाण्याच्या आधी विचारायची, "आलं का गं त्यांचं काही?" ती मान हलवायची. पुढे पुढे मी विचारायचीच थांबले आणि ती आल्या आल्या आपणहून मान हलवायला लागली.

गणपती गेले, नवरात्र आलं. एक दिवस रसिका दारातूनच ओरडत आली. त्याच बाईंची ऑर्डर होती, पुन्हा एका वस्त्राची. खाली लिहिलं होतं, "काकू, यावेळी माझ्यासाठी नको. वॉर्डात माझ्या शेजारच्या कॉटवर एक बाई आहेत, त्यांच्यासाठी घाला."

*

आता केटी कशी लागली ते.

वनस्पतींची औषधं ओळखायचा एक विषय असतो, त्याचं प्रॅक्टिकल होतं. प्रत्येकीपुढे काचेच्या बशीत एकेक नमुना ठेवलेला. कुणाला साल, कुणाला मूळ. आमच्या नशिबाने रसिकाला आला कापूस. त्याचा तंतू सोडवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, चित्र काढायचं, परीक्षक येऊन प्रश्न विचारणार.

तिला आधीच भीती वाटत होती. भीती वाटली की माझ्या तोंडाला देवाचं नाव लागतं, तिच्या हाताला चाळा लागतो. परीक्षक दोन टेबलं पलीकडे, एकेकीला फाडून खातायत. ही वाट बघतेय, मनातल्या मनात उत्तरं घोकतेय. ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सँपल दाखवा."

हिने बशीत बघितलं. बशी रिकामी.

नमुना हिच्या हातात होता. त्याचं छान, एकसारख्या मण्यांचं गेजवस्त्र झालं होतं.

"हे काय आहे?"

"सर, कॉटन."

"उपयोग काय याचा?"

पुस्तकात सगळं लिहिलंय, जखमेची पट्टी, रक्त टिपणं, गाळणं. तिला पाठ होतं. पण तोंडातून निघालं, "सर, देवाला घालतात."

रात्रंदिवस घरात जे ऐकलं तेच बाहेर आलं, त्याला ती तरी काय करणार? प्रॅक्टिकल गेलं, पेपरही जेमतेम होता. निकाल आला त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद करायचं ते बोलून मोकळे झाले. रसिकाने आपणहून इन्स्टाग्रामवर लिहिलं की परीक्षा होईपर्यंत ऑर्डर घेणार नाही. डबे माळ्यावर गेले. आरे कॉलनीतली माझी मावसबहीण तिच्या क्वार्टरमागच्या झाडाचा देवकापूस घेऊन आली, तर तिला म्हटलं, ठेव गं तुझ्याकडेच. पंखा दिवसभर फिरत राहिला, आणि यावेळी खरा. मी आत जाऊन बघून यायची.

*

आणि हा शेवटचा. केटीच्या पेपरचा.

प्रॅक्टिकल आधीच आटोपलं होतं, पेपरचं सेंटर अंधेरीला आलं होतं, अनोळखी कॉलेज. सकाळी मी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली आणि ती चप्पल घालतेय तेवढ्यात, तिच्या पेनांच्या पाऊचमध्ये एक गेजवस्त्र गुंडाळून सरकवलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नेलं नसतं. मला आपलं वाटलं, देवीचं काहीतरी जवळ असावं.

पुढचं रसिकाने घरी येऊन सांगितलं तसंच सांगते.

हॉलमध्ये सुपरवायझर म्हणून एक सर होते. उंच, पांढऱ्या मिशा, बोलायचं नाव नाही. बाहेर मुली आधीच म्हणत होत्या, हे मान वर केली तरी पेपर काढून घेतात. प्रश्नपत्रिका आली. हिने पहिला प्रश्न वाचला आणि डोकं कोरं झालं. दुसरा वाचला, तोही तसाच. सगळं येत होतं, पण पाण्यात कागद पडावा तसं अक्षर अक्षर पुसलं गेलं. तिला दिसला तो माळ्यावरचा डबा.

मग तिने डोळे मिटले. जे मला म्हणताना ऐकून ती आजवर हसली, ते तिच्या तोंडून हळू आवाजात आपोआप निघायला लागलं. "बा देवी माये, आज ह्या तुजा लेकरू तुज्या पायाकडे आयला असा..."

डोळे उघडले तर सर बाकापाशी उभे.

"कोणाशी बोलताय?"

सरांची नजर पाऊचवर गेली. चेन अर्धी उघडी, आतून पांढरी गुंडाळी डोकावतेय. कॉपीच्या चिठ्ठ्या अशाच गुंडाळून आणतात. त्यांनी दोन बोटांनी ती बाहेर ओढली. रसिकाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या पाऊचमध्ये काय होतं. ती म्हणते, "आई, त्या क्षणी मी तुला मनात काय काय बोलले ते विचारू नकोस." आजूबाजूच्या मुली बघायला लागल्या. वर्ष गेलं, दुकान गेलं, आता नावही जाणार, हेच तिच्या डोक्यात.

सरांनी गुंडाळी उलगडली. एकेक मणी बोटाखालून नेला. शेवटच्या मण्यापर्यंत. मग तिच्या हॉलतिकिटावरचं आमचं आडनाव वाचलं. वस्त्राची पुन्हा गुंडाळी केली, होती तशीच, पीळ न मोडता. पाऊचमध्ये ठेवली, चेन लावली. आणि पुढच्या बाकाकडे वळता वळता, तिच्याकडे न बघता, खालच्या आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

तिने पेन उचललं, ते घंटा होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

मी तिला विचारलं, कोण गं ते, कुठल्या गावचे? ती म्हणाली, पेपर गोळा करताना त्यांनी वर बघितलंच नाही.

आता निकालाची वाट. हल्ली ह्यांची ड्युटी संध्याकाळची, निघताना हे माळ्याकडे एकदा बघतात. हंसाबेन लग्नाला जामनगरला गेल्यात. मी संध्याकाळी दिवा लावते आणि सांगते, बा देवी माये, लेकराचा माझ्या येवढा पार पडांदे, वरसा फुकट जाव नको, आणि तिच्या हातातलो कापूस तिच्याच हातात ऱ्हवांदे. समोरचं दार बंद असतं. तर तुम्ही हे जिथे कुठे बसून वाचत असाल तिथे, मोठ्याने नको, त्या सरांनी म्हटलं तेवढ्याच आवाजात, एकदा म्हणाल का?